न खाजणारी लूत

परळच्या जुन्या माणसाला ‘बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल फॉर अ‍ॅनिमल्स’ असं पूर्ण नाव सांगितलं तर तो जरा विचारात पडतो. ‘बैलघोडा’ म्हटलं की लगेच हात करून रस्ता दाखवतो. सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी पत्नीच्या नावानं उभा केलेला हा दवाखाना आणि त्याच्याच आवारात १८८६ साली सुरू झालेलं बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेज, दोन्ही गिरणगावाला त्याच एका नावानं ठाऊक आहेत. मी लालबागच्या चाळीत वाढले, सत्तरच्या दशकात याच कॉलेजात शिकले आणि पुढं दादर-माटुंग्यात कुत्र्या-मांजरांची डॉक्टर म्हणून आयुष्य काढलं. त्यातला फार मोठा भाग कुत्र्यांची कातडी तपासण्यात गेला.

आमच्या व्यवसायाचा इतिहास लिहिणारे बुळकांडीबद्दल लिहितात, लशींबद्दल लिहितात, फौजेच्या घोड्यांबद्दल लिहितात. केस गेलेल्या कुत्र्याबद्दल कुणी लिहीत नाही. मला त्याच्याबद्दल लिहायचं आहे. शंभर वर्षं आपल्याकडे केस गेलेल्या प्रत्येक कुत्र्याला ‘लूत लागली’ असं म्हणून मोकळे झालो, आणि त्यांतल्या काहींना लूत कधीच नव्हती. त्यांच्या गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंदावली होती. या ग्रंथीबद्दल माणसाला जे कळलं, त्यातलं किती तरी कुत्र्यांच्या जिवावर कळलं. ते ज्ञान कुत्र्यापर्यंत परत यायला इतका उशीर का लागला, हे मला सांगावंसं वाटतं.

आधी मुंबईबद्दल. १८३२ च्या जून महिन्यात या शहरात कुत्र्यांवरून दंगल झाली. भटकी कुत्री मारण्याचा कंपनी सरकारचा हुकूम होता आणि मारणाऱ्याला कुत्र्यामागे बक्षीस मिळे. शिपाई घरापुढचीही कुत्री मारू लागले तेव्हा फोर्टातले पारशी रस्त्यावर उतरले. कुत्रा त्यांच्या धर्मात मानाचा. हिंदू, जैन दुकानदारही त्यांच्याबरोबर गेले, बाजार बंद पडला. पुढं दोनच वर्षांनी जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीशा शेठ यांच्या पुढाकारानं भुलेश्वरात पांजरपोळ उभं राहिलं. तिथं गाईगुरांबरोबर कुत्र्यांनाही आसरा होता. मारण्यापासून कुत्रा वाचला. पण आसरा म्हणजे उपचार नव्हे. पांजरपोळात लूत भरलेलं कुत्रं लूत घेऊनच मरायचं.

उपचार परळला आले, तेही बैल आणि घोड्यांसाठी. १८७४ साली मुंबईत घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या आणि त्या १९०५ पर्यंत धावल्या. ट्राम कंपनीचे शेकडो घोडे, व्हिक्टोरियांचे घोडे, बंदरावरून गिरण्यांकडे कापसाच्या गाठी ओढणारे बैल, अशा सगळ्या जनावरांच्या पाठी सोलवटलेल्या आणि खांदे आलेले असत. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धची संस्था मुंबईत स्थापन झाली तीही १८७४ मध्येच. तेव्हा दवाखान्याला ‘बैलघोडा’ म्हणणाऱ्यांनी काही चुकीचं म्हटलं नाही. कुत्रा तिथं नंतर शिरला.

एक माणूस मात्र वेगळा होता. कॉलेजचे पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील यांनी १८८८ मध्ये कुत्र्यांच्या रोगांवर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. गुराढोरांच्या देशात, फौजी घोड्यांच्या काळात, परळच्या प्राचार्यांना कुत्र्यावर वेगळा ग्रंथ लिहावासा वाटला, याचा मला विद्यार्थिनी असल्यापासून अभिमान वाटत आला आहे. स्टील १८९१ साली, पस्तिशीतच गेले. थायरॉइडच्या पहिल्या उपचाराची बातमीही त्याच वर्षी इंग्लंडात छापून आली. त्यांच्या हातात ती पडली असती तर परळमधल्या कुत्र्यांचं काय झालं असतं, हा विचार माझ्या मनात अनेकदा येऊन गेला आहे.

लुतीवरचे घरगुती उपाय मुंबईत सगळ्यांना माहीत होते. खोबरेल तेलात खललेला गंधक, करंजेल, कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी. गंधक खरोखर गुणकारी आहे, किडे मारतो. करंज तेलानंही थोडा आराम पडतो. पण गिरणगावात मोटारी आल्या, गॅरेजं आली आणि त्यांच्याबरोबर जळकं ऑइल आलं. मोटारीतून काढलेलं काळं तेल कुत्र्याला चोपडायचं, हा उपाय माझ्या लहानपणी चाळीत सर्रास चाले आणि आजही पूर्ण गेलेला नाही. कुत्रा ते चाटतो. पोटात जातं, कातडीतून शिरतं, यकृत आणि मूत्रपिंडं नासवतं. त्यानंतर डी.डी.टी. आणि गॅमेक्सीनची पावडर आली. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. कुत्र्याचे केस गेले की वरून काहीतरी लावायचं, कारण रोग वरून लागतो, एवढीच समजूत त्यामागं होती.

ही समजूत विज्ञानानंही पक्की केली, हे मान्य करायला हवं. माणसाच्या केसांच्या मुळाशी राहणारा सूक्ष्म किडा १८४२ च्या सुमारास जर्मनीत सापडला आणि लगेच तसाच किडा लूत लागलेल्या कुत्र्याच्या पुळ्यांतही दिसला. १८५९ मध्ये लायडिग यांनी त्याला डेमोडेक्स कॅनिस हे नाव दिलं. साधी खाजरी लूत पसरवणारा सार्कॉप्टिस तर त्याआधीपासून माहीत होता. ब्लेडनं कातडी खरवडायची, काचपट्टीवर तेलाच्या थेंबात ठेवायची आणि भिंगाखाली पाय हलवणारा किडा पाहायचा. आम्ही विद्यार्थी असताना त्याचं केवढं कौतुक असे! किडा डोळ्यांनी दिसतो. दिसला की निदान झालं. आणि दिसला नाही तर? तर ‘अजून खोल खरवडा’. किडा नसेलच, असं कुणी म्हणत नसे.

आता युरोपात काय चाललं होतं ते पाहू. हा भाग मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो.

मॉरित्स शिफ हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ १८५० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या बर्नमध्ये कुत्र्यांच्या गळ्यातली थायरॉइड काढून टाकून काय होतं ते बघत होते. कुत्री मरत. बरीच वर्षं त्या निरीक्षणाकडं कुणी लक्ष दिलं नाही. त्याच बर्नमध्ये पुढं थिओडोर कोखर हे शल्यविशारद माणसांचे गलगंड काढू लागले. शस्त्रक्रियेत त्यांचा हात इतका स्वच्छ होता की संपूर्ण ग्रंथी काढूनही रोगी वाचत. पण १८८३ मध्ये त्यांनी आपले जुने रोगी पुन्हा बोलावून तपासले तेव्हा त्यांना धक्का बसला. पूर्ण ग्रंथी काढलेली माणसं सुजली होती, सुस्तावली होती, त्यांना सतत थंडी वाजे, कातडी जाड आणि कोरडी पडली होती, केस गळले होते. कोखर यांनी ते स्वतः लिहून प्रसिद्ध केलं. १९०९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांचं कौशल्य थोर होतंच, पण आपल्या शस्त्रक्रियेचा परिणाम परत बोलावून तपासणं मला त्याहून थोर वाटतं.

कोखर यांचं वाचून शिफ पुन्हा कामाला लागले, या वेळी जिनिव्हात. १८८४ मध्ये त्यांनी सुमारे साठ कुत्र्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. बहुतेक सगळी मेली. पण ज्या कुत्र्याच्या पोटात आधी दुसऱ्या कुत्र्याची थायरॉइड बसवली होती, ते गळ्यातली ग्रंथी काढल्यावरही तगून राहिलं. ही ग्रंथी रक्तात काहीतरी सोडते आणि ते काहीतरी बाहेरून देता येतं, ही सगळ्या पुढच्या उपचाराची कल्पना त्या कुत्र्यापासून निघाली.

ती कुत्री इतक्या झटपट का मरत, याचं उत्तरही एका कुत्र्यातच होतं. स्वीडनच्या उप्साला इथं इव्हार सांडस्ट्रोम नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला १८७७ मध्ये कुत्र्याच्या थायरॉइडला चिकटलेली एक बारीक गाठ दिसली. मग त्यानं मांजर, ससा, बैल, घोडा आणि माणूस यांच्यातही ती शोधली आणि १८८० मध्ये प्रसिद्ध केलं. या पॅराथायरॉइड ग्रंथी. थायरॉइडबरोबर त्याही काढल्या जात आणि रक्तातलं कॅल्शियम कोसळून कुत्री आकड्या येऊन मरत. फ्रान्समध्ये ग्ले यांनी १८९१ च्या सुमारास हा उलगडा केला, तेव्हा सांडस्ट्रोम या जगात नव्हते.

त्याच १८९१ मध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरनं मेंढीच्या थायरॉइडचा ग्लिसरिनमधला अर्क एका शेहेचाळीस वर्षांच्या बाईला टोचला. ती सुजून जड झाली होती, बोलणं संथ झालं होतं, कातडी कोरडी पडली होती. ती सुधारली. पुढं टोचण्याऐवजी तोंडावाटे औषध घेऊन ती आणखी अठ्ठावीस वर्षं जगली आणि तेवढ्या काळात आठशे सत्तरहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी तिच्या कामी आल्या, असा हिशेब मरे यांनी पुढं दिला. १८९२ मध्ये फॉक्स नावाच्या डॉक्टरनं तर हलकी परतलेली मेंढीची थायरॉइड फळांच्या जेलीबरोबर खायला दिली आणि रोगी सुधारला. आपल्या शास्त्रातला हा एक फार मोठा क्षण आहे. पहिल्यांदाच शरीरात कमी पडलेला रस बाहेरून भरून काढता आला. मधुमेहावरचं इन्सुलिन त्यानंतर तीस वर्षांनी आलं.

मग पुन्हा कुत्री. अमेरिकेत क्लीव्हलंडला डेव्हिड मरीन नावाचे डॉक्टर १९०५ मध्ये कामावर रुजू झाले. स्टेशनवरून हॉस्पिटलकडं चालत जाताना रस्त्यावरची कुत्री गळ्याला गाठी घेऊन फिरताना त्यांना दिसली आणि पुढचं सगळं काम तिथून सुरू झालं, असं सांगतात. थायरॉइडमध्ये आयोडीन असतं हे जर्मनीत बाउमान यांनी १८९५-९६ मध्ये दाखवलं होतं. मरीन यांनी कुत्र्यांत, मेंढ्यांत आणि अगदी तळ्यातल्या ट्राउट माशांत दाखवलं की आयोडीन कमी पडलं की ग्रंथी फुगते आणि दिलं की पुन्हा ठीक होते. १९१७ पासून ऑहायोतल्या अ‍ॅक्रनमध्ये त्यांनी किंबल यांच्यासह शाळकरी मुलींना आयोडीन दिलं, आणि ज्यांना दिलं त्यांच्यात गलगंड जवळजवळ नाहीसा झाला. त्यातून १९२० च्या दशकात आयोडीनचं मीठ आलं. आपल्याकडे हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी तसंच दाखवलं आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आज तुमच्या स्वयंपाकघरातल्या मिठाच्या पुडीमागं क्लीव्हलंडच्या रस्त्यावरची कुत्री आहेत.

इथं एक गोष्ट स्पष्ट करते, कारण कुत्रा पाळणारे लोक हमखास विचारतात: ‘डॉक्टरबाई, मग याच्या भातात मीठ वाढवू का?’ नको. आपल्या घरातल्या कुत्र्यांची थायरॉइड आयोडीन कमी पडल्यानं बिघडत नाही. बहुतेकांत शरीराच्या स्वतःच्याच संरक्षक पेशी ग्रंथीवर हल्ला करतात किंवा ग्रंथी हळूहळू झिजून तिच्या जागी चरबी भरते. हे बीगल जातीच्या प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांमध्ये १९६० च्या दशकात नीट दिसून आलं. ग्रंथीचा तीन चतुर्थांश भाग गेला तरी कुत्रा बाहेरून ठीक दिसू शकतो. त्यानंतर मात्र कातडी बोलू लागते.

आता एडवर्ड केंडल. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये १९१४ च्या नाताळच्या दिवशी या रसायनशास्त्रज्ञानं थायरॉइडच्या रसाचे स्फटिक वेगळे केले. आज आपण त्याला थायरॉक्सिन म्हणतो. पुढं त्यांनी सुमारे तीन टन डुकरांच्या ग्रंथींतून जेमतेम ३३ ग्रॅम मिळवलं. १९२६ मध्ये लंडनच्या हॅरिंग्टन यांनी त्याची रचना शोधली आणि पुढच्या वर्षी ते प्रयोगशाळेत बनवलं. आज गल्लीतल्या केमिस्टकडं मिळणारी लेव्होथायरॉक्सिनची गोळी त्याचीच पुढची पिढी. केंडल तिथंच थांबले नाहीत. १९३० च्या दशकात त्यांनी अधिवृक्क ग्रंथीतून एक पदार्थ वेगळा केला. तो कॉर्टिसोन. १९४८ मध्ये संधिवाताच्या रुग्णांवर त्याचा परिणाम पाहून जग थक्क झालं आणि १९५० मध्ये केंडल, हेंच आणि राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं.

कुत्र्याच्या कातडीच्या इतिहासात हे दोन्ही शोध एकाच माणसाच्या हातून आले, ही मला फार विलक्षण गोष्ट वाटते. कारण पहिल्या औषधानं जो रोग बरा होतो, तो ओळखण्याच्या वाटेत दुसरं औषध येऊन उभं राहिलं. कॉर्टिसोनच्या घराण्यातली स्टिरॉइडं, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन, डेक्सामेथासोन, आपल्या देशात स्वस्त झाली आणि सत्तर-ऐंशीच्या दशकात कुत्र्याच्या कातडीवर त्यांचा पाऊस पडला. खाजणाऱ्या कुत्र्याला एक इंजेक्शन दिलं की दुसऱ्या दिवशी खाज गायब. मालक खूश. पण स्टिरॉइड रक्तातलं थायरॉक्सिन खाली आणतं आणि बराच काळ दिलं तर कातडी पातळ होते, केस दोन्ही बाजूंनी सारखे गळतात. थायरॉइड बिघडलेल्या कुत्र्यासारखंच दिसायला लागतं. मग खरा रोग कोणता आणि औषधाचा परिणाम कोणता, हे सोडवायला महिने जातात.

ऐंशीच्या दशकात माझ्याकडे दादर पारशी कॉलनीतला सीझर नावाचा डॉबरमन आला. तेव्हा मुंबईत डॉबरमन आणि अल्सेशियन यांचा काळ होता. आज लॅब्रॅडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर आहेत तसा. वय सहा वर्षं. आधी दुसरीकडे त्याच्यावर लुतीचे सगळे उपचार झाले होते: गंधकाचं मलम, बेन्झिल बेन्झोएट, किड्यांच्या औषधाच्या आंघोळी आणि मग इंजेक्शनं. शेपटीवर केस नव्हते, उंदराच्या शेपटीसारखी उघडी. दोन्ही कुशींवर सारखंच टक्कल आणि तिथली कातडी काळी, जाडसर. पापण्या किंचित जड झाल्यानं चेहरा सतत रडवेला. वजन वाढलं होतं, खाणं मात्र पूर्वीइतकंच. नोव्हेंबरातही तो स्वयंपाकघरात शेगडीजवळ जाऊन झोपे. मालकीणबाईंना मी एकच विचारलं, ‘खाजवतो का हो?’ त्या म्हणाल्या, ‘नाही. तेच तर विचित्र आहे.’

हा प्रश्न माझ्या गुरूंनी आमच्या डोक्यात बसवला होता. सार्कॉप्टिसची लूत खाजते. पिसवा खाजवतात. अ‍ॅलर्जी रात्रभर झोपू देत नाही. थायरॉइडचं टक्कल स्वतः खाजत नाही. नवा केस उगवण्याची सुरुवात होण्यासाठी थायरॉक्सिन लागतं. ते नसलं की केस झोपलेले राहतात, झडतात आणि जागा भरून येत नाही. म्हणून शस्त्रक्रियेसाठी किंवा सलाइनसाठी कातरलेले केस महिनोन्‌महिने उगवत नाहीत. ही खूण मला भिंगाखालच्या किड्याइतकीच मोलाची वाटते. गुंतागुंत पुढं होते. अशा कातडीचं रक्षणच कमी झालेलं असतं. तिच्यावर जिवाणू वाढतात, मलासेझिया ही यीस्ट वाढते, आणि मग ती खाजू लागते. मुंबईच्या पावसाळ्यात तर हमखास. सीझरच्या काखेत आणि पंजांच्या बोटांमध्ये ते सुरू झालं होतं, म्हणून आधीच्या उपचारकर्त्यांना लूत वाटली, हे मी समजू शकते.

निदान मात्र त्या काळात सोपं नव्हतं. रक्तातलं थायरॉक्सिन मोजण्याची रेडिओइम्युनोअ‍ॅसे पद्धत रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांच्या कामातून आली होती. यॅलो यांना त्यासाठी १९७७ चं नोबेल मिळालं. बर्सन आधीच वारले होते. आमच्याच परळमध्ये, टाटा हॉस्पिटलच्या अ‍ॅनेक्स इमारतीत, भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून माणसांच्या थायरॉइडवर केवढं मोठं काम करत होतं. बैलघोड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तरी कुत्र्यांसाठी तशी सोय कुठंच नव्हती. खासगी प्रयोगशाळेत रक्त पाठवलं की माणसाच्या मापदंडानं उत्तर येई. माणसाच्या रक्तात थायरॉक्सिन डेसिलिटरला साधारण पाच ते बारा मायक्रोग्रॅम असतं, निरोगी कुत्र्याच्या रक्तात साधारण एक ते चार. म्हणजे माणसाचं माप लावलं तर निरोगी कुत्राही आजारी ठरतो. थायरॉइडला चालना देणाऱ्या टी.एस.एच. या संप्रेरकाची माणसासाठीची चाचणी कुत्र्याला चालतच नाही. कुत्र्यांसाठीची वेगळी चाचणी जगात नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात आली आणि आपल्याकडे रुळायला आणखी बरीच वर्षं गेली. तोवर आमच्याजवळ होतं ते एवढंच: कुत्र्याचं वय, त्याची जात, न खाजणारं दोन्हीकडचं टक्कल, वाढलेलं कोलेस्टेरॉल, थोडं कमी हिमोग्लोबिन आणि थायरॉक्सिनचा एक आकडा, जो कुत्र्याच्या मापानं वाचायचा. सीझरची इंजेक्शनं पूर्ण बंद करून, काही आठवडे थांबून मी त्याचं रक्त घेतलं. आकडा मोजण्याच्या खालच्या टोकाला होता.

मग गोळ्यांचा प्रश्न. कुत्र्याला लेव्होथायरॉक्सिन किलोमागे साधारण २० मायक्रोग्रॅम, दिवसातून दोनदा लागतं. तीस किलोच्या कुत्र्याला एका वेळी ६०० मायक्रोग्रॅम, म्हणजे १०० च्या सहा गोळ्या, आणि रात्री पुन्हा सहा. माणसाला किलोमागे दीड-पावणेदोन मायक्रोग्रॅम दिवसातून एकदाच पुरतं. कारण कुत्र्याचं आतडं हे औषध फार थोडं शोषतं आणि शोषलेलंही काही तासांत अर्धं होतं. माणसाच्या शरीरात तेच अर्धं व्हायला जवळपास आठवडा लागतो. केमिस्टला हे पटवणं हे त्या काळातलं माझं नेहमीचं काम. सीझरच्या मालकीणबाई चिठ्ठी घेऊन परत आल्या, ‘डॉक्टर, दुकानदार म्हणतो आकडा चुकलाय. आमच्या सासूबाईंना पन्नासची एकच गोळी आहे.’ मी दुकानात फोन केला आणि समजावलं. पुढं मी अशा प्रत्येक चिठ्ठीवर ‘हे औषध कुत्र्यासाठी आहे, मात्रा तपासून लिहिली आहे’ असं ठळक लिहू लागले.

पहिल्या पंधरवड्यात सीझर शेगडीजवळून उठून दारात येऊन बसू लागला. केसांना वेळ लागतो. बऱ्याचदा सुरुवातीला जुने झोपलेले केस एकदम झडतात आणि कुत्रा आधीपेक्षा ओंगळ दिसतो. या टप्प्यावर घाबरून गोळ्या सोडणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना आधीच सांगून ठेवावं लागतं. क्लोरहेक्सिडिनच्या शॅम्पूनं आठवड्यातून दोनदा आंघोळ, दहा मिनिटं फेस तसाच ठेवून, यीस्टसाठी मायकोनॅझोल, पंजे नीट पुसणं. गोळी रोज एकाच पद्धतीनं, जेवणाआधी तर नेहमीच जेवणाआधी. महिना-दीड महिन्यानं, गोळी दिल्यावर चार ते सहा तासांनी रक्त तपासायचं. पाऊस सुरू व्हायच्या आत सीझरच्या शेपटीवर केस आले. कुशींवर यायला दिवाळी उजाडली.

लुतीच्या उपचारांचा इतिहास याच काळात फार पुढं गेला. १९८१ मध्ये बाजारात आलेल्या आयव्हरमेक्टिननं चित्र बदललं. त्याच्या शोधासाठी कॅम्पबेल आणि ओमुरा यांना २०१५ चं नोबेल मिळालं. कोली जातीच्या काही कुत्र्यांना ते जीवघेणं ठरतं, हेही आम्हाला शिकावं लागलं. गेल्या दहा-बारा वर्षांत आयझोक्साझोलिन गटातल्या चघळायच्या गोळ्या आल्या आणि एकेकाळी असाध्य वाटणारी डेमोडेक्सची लूत काही आठवड्यांत आटोक्यात येऊ लागली. माझ्या शिक्षकांनी हे पाहिलं असतं तर त्यांना किती आनंद झाला असता!

थायरॉइडचं मात्र आता उलटं झालं आहे, आणि त्याची मला काळजी वाटते. रक्ततपासणीची पॅकेजं आली. त्यात थायरॉक्सिन असतं. आकडा खाली आला की गोळी सुरू. पण कोणत्याही मोठ्या आजारात, गोचीडतापात, मूत्रपिंड बिघडलं की, फिटवरच्या फिनोबार्बिटलनं, स्टिरॉइडनं हा आकडा खाली येतो आणि ग्रंथी मात्र ठणठणीत असते. ग्रेहाउंड, सालुकी यांसारख्या शिकारी धावऱ्या कुत्र्यांत तो मुळातच कमी असतो. आपला कारवान आणि मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांनी जोपासलेला मुधोळ हे त्याच बांध्याचे. लातूर-सोलापूरकडून आलेल्या सडपातळ, चपळ, चकचकीत कातडीच्या कारवानाला केवळ आकडा पाहून आयुष्यभराच्या गोळ्या लावू नयेत, असं मी तरुण डॉक्टरांना कळकळीनं सांगते. आधी कुत्र्याकडे बघा, हात फिरवा, खाजवतो का विचारा, शेवटचे केस कधी कातरले होते आणि ते आले का विचारा. मग रक्त, आणि एका आकड्यावर न थांबता फ्री टी-४ (रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन) आणि कुत्र्याची टी.एस.एच.

निवृत्तीनंतर माझं जास्त लक्ष रस्त्यावरच्या कुत्र्यांकडं आहे. २००१ च्या आणि आता २०२३ च्या नियमांनुसार त्यांना पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि त्याच जागी परत सोडायचं. १८३२ च्या मुंबईच्या मानानं हा केवढा पल्ला आहे. पण रोज दोनदा, जन्मभर गोळी लागणाऱ्या रस्त्यावरच्या कुत्र्याची त्यात कुठंच सोय नाही. भारतमाता टॉकीजजवळ कानाला नसबंदीची खाच असलेली एक कुत्री आहे. तिला खायला घालणाऱ्या बाईंनी मला दाखवलं की नसबंदीच्या वेळी पोटावरचे कातरलेले केस वर्ष झालं तरी आले नाहीत आणि आता शेपटीही उघडी पडली आहे. लोक तिला लूत म्हणून हाकलत होते. एकानं जळकं ऑइलही आणून ठेवलं होतं. ती खाजवत नव्हती. खरवडून पाहिलं, किडा नाही. रक्त घेतलं, दोन्ही चाचण्या केल्या. आता सकाळची गोळी बाई पावात घालून देतात आणि रात्रीची बाजूच्या इमारतीचा वॉचमन देतो. तो गावी गेला की बाईंचा मुलगा देतो. गोळ्यांचे पैसे आम्ही चौघी-पाचजणी वाटून घेतो. नसबंदी केंद्रात कुत्री आत आणताना आणि महिन्याभरानं जागेवर पाहताना केसांची एवढी एक नोंद व्हावी, यासाठी मी अर्ज दिला आहे.